सगळ्यांना हळहळ, तरी कायदा नाही : अमेरिकेतील ‘ड्रीमर्स’चे लांबलेले राजकीय नाट्य

धागाकर्ता

अजाण वयात आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेली, तिथेच वाढलेली, पण वास्तव्याची कागदपत्रे नसलेली मुले ‘ड्रीमर्स’ म्हणून ओळखली जातात. स्थलांतराच्या प्रश्नावर अमेरिकेत टोकाचे मतभेद असले, तरी या मुलांना हद्दपार करावे असे उघडपणे म्हणणारे राजकारणी तुलनेने थोडे आहेत. त्यांच्यासाठीचे पहिले विधेयक २००१ साली आले आणि ते आजतागायत कायदा झालेले नाही. इतकी सहानुभूती असूनही हा प्रश्न का सुटला नाही, असे सहसा विचारले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. या सहानुभूतीनेच प्रश्नाचा घात केला, आणि ते कसे घडले हे सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

सुरुवात टेक्सासपासून करावी लागेल. १९७५ साली त्या राज्याने असा कायदा केला, की देशात कायदेशीर प्रवेश न झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना राज्याचा निधी मिळणार नाही. त्याचा आधार घेऊन टायलर या गावाच्या शाळामंडळाने १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर शुल्क लावले. मजुरी करणाऱ्या कुटुंबांना ते परवडणे अशक्य होते. काही पालक न्यायालयात गेले. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी भल्या पहाटे ठेवली होती आणि काही कुटुंबे तिथूनच हद्दपारी होईल या धास्तीने घरचे सामान गाडीत भरून आली होती. हे प्रकरण ‘प्लायलर विरुद्ध डो’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल लागला.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देणे न्याय्य नाही, हा त्याचा गाभा. त्यात त्यांनी एक इशाराही दिला आहे : स्वस्त मजूर म्हणून राहू द्यायचे, पण समाजाच्या लाभांपासून दूर ठेवायचे, असे केल्यास कागदपत्रे नसलेल्या लोकांची एक कायमची ‘कास्ट’ तयार होईल. नेमका हाच शब्द त्यांनी वापरला. आपल्याकडच्या वाचकाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मात्र निकालाची व्याप्ती शालेय शिक्षणापुरतीच होती. बारावीपर्यंतचे दार न्यायालयाने उघडले आणि त्यापुढे काय, याचे उत्तर संसदेवर राहिले. त्यामुळे एक चमत्कारिक रचना तयार झाली. वर्गात सगळी मुले सारखी, अभ्यासक्रम तोच, निष्ठेची शपथही तीच. सोळाव्या वर्षी मित्र वाहन परवाना काढायला जातात आणि सतराव्या वर्षी महाविद्यालयासाठीच्या सरकारी अर्थसाहाय्याचा अर्ज भरतात, तेव्हा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाचा, रकाना समोर येतो. आपल्याकडे तो क्रमांक नाही आणि का नाही, हे अनेकांना घरातून त्या दिवशी पहिल्यांदा कळते. संधीतील विषमता जन्मापासून असतेच, पण इथे बारा वर्षे समानतेचा अनुभव देऊन मग ती हाती ठेवली जाते.

हे दुरुस्त करण्यासाठी ऑगस्ट २००१ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे ऑरिन हॅच आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे डिक डर्बिन यांनी सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, ‘ड्रीम ॲक्ट’ मांडला. शिकागोतील एका गुणी पियानोवादक विद्यार्थिनीला कागदपत्रांअभावी पुढचे शिक्षण घेता येईना, ही त्यामागची प्रेरणा. विधेयकावरची सुनावणी १२ सप्टेंबर २००१ ला ठरली होती. आदल्या दिवशी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले आणि सुनावणी रद्द झाली. कादंबरीत कोणी असा योग जुळवला असता तर समीक्षकांनी त्याला नावे ठेवली असती.

पुढची कथा मतांच्या आकड्यांची आहे. २००७ मध्ये सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४४ मते पडली. बहुमत होते, पण चर्चा संपवून विधेयक पुढे नेण्यासाठी लागणारी ६० मते नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधीगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, ते २१६ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केले, आणि दहा दिवसांनी सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मतांवर ते अडले. त्या दिवशी पाच डेमोक्रॅटिक सदस्यांनी विरोधात मत दिले आणि विधेयकाचे मूळ जनक हॅच मतदानाला उपस्थितच नव्हते. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ अशा भक्कम बहुमताने स्थलांतराचा सर्वंकष कायदा मंजूर केला, ज्यात ड्रीमर्ससाठी जलद मार्ग होता. प्रतिनिधीगृहाच्या नेतृत्वाने तो मतदानासाठी घेतलाच नाही.

दरम्यान १५ जून २०१२ रोजी, म्हणजे प्लायलर निकालाला बरोबर तीस वर्षे होत असताना, ओबामा प्रशासनाने ‘डाका’ योजना जाहीर केली. सोळाव्या वर्षाआधी आलेल्या, १५ जून २००७ पासून सलग देशात असलेल्या आणि १५ जून २०१२ रोजी ३१ वर्षांखालील असलेल्यांना दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून दिलासा आणि काम करण्याची परवानगी, दर दोन वर्षांनी नूतनीकरण, असे तिचे स्वरूप. नागरिकत्वाचा मार्ग नाही, कायदेशीर दर्जा नाही, महाविद्यालयासाठी केंद्रीय अर्थसाहाय्य नाही. २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती रद्द करण्याची घोषणा केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, रद्द करण्याची पद्धत सदोष ठरवली. योजनेच्या मूळ वैधतेचा प्रश्न त्या निकालाने सोडवला नाही.

आता माझा मुद्दा. फेब्रुवारी २०१८ मधील सिनेटचे मतदान पाहा. सुमारे १८ लाख तरुणांना नागरिकत्वाचा मार्ग देऊ, पण सीमेवरच्या भिंतीसाठी २५ अब्ज डॉलर द्या आणि कुटुंबाधारित कायदेशीर स्थलांतर कमी करा, असा व्हाइट हाउसचा प्रस्ताव होता. त्याला ३९ मते मिळाली. भिंतीचा निधी मान्य करणारा, पण बाकीच्या अटी सौम्य असलेला उभयपक्षी प्रस्ताव ५४ मतांवर थांबला. या व्यवहारात ड्रीमर्स हे तारण होते. ज्या वस्तूची किंमत दोन्ही बाजूंना पटलेली असते तीच गहाण ठेवता येते. एका पक्षाला त्यांच्या बदल्यात कडक अंमलबजावणी हवी असते, दुसऱ्याला त्यांच्या आडून एक कोटीहून अधिक अन्य लोकांचा प्रश्न पुढे रेटायचा असतो. मुले एकदा सुटली, तर हातात तारण उरत नाही, आणि म्हणून ती सुटत नाहीत.

प्रतिसाद १

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु विरोध करणाऱ्यांची बाजू त्यात फार लवकर आटोपली आहे. १९८६ साली रेगन यांच्या कारकिर्दीत असाच मोठा तोडगा निघाला होता. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना मिळून सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, आणि त्या बदल्यात कागदपत्रांविना माणसे कामावर ठेवणाऱ्या मालकांना शिक्षा होईल असे आश्वासन देण्यात आले. पहिला भाग पूर्णपणे अमलात आला, दुसरा जवळजवळ कागदावर राहिला, कारण मालकाला ‘माहीत असूनही’ कामावर ठेवले हे सिद्ध करावे लागे आणि बनावट ओळखपत्र दाखवले की तो सुटत असे. ज्यांची त्या वेळी फसवणूक झाल्याची भावना आहे, त्यांनी पुढच्या वेळी ‘आधी अंमलबजावणी, मग दर्जा’ असा आग्रह धरला, तर त्याला केवळ निर्दयता म्हणता येणार नाही.

शिवाय जे लोक नियमाने रांगेत उभे आहेत, त्यांना आपण काय सांगणार? प्रत्येक सवलत पुढच्या पालकांना एक संदेश देते, हे नाकारून चालणार नाही.

प्रतिसाद २

१९८६ विषयी वरील प्रतिसादाशी सहमत आहे, रांगेविषयी नाही. कोणती रांग, हा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. अल्पकौशल्याच्या कामगारासाठी स्थायी वास्तव्याच्या जागा इतक्या थोड्या आहेत, की बहुतेकांना उभे राहायला रांगच नाही. लहानपणी आणलेल्या मुलासाठी तर तशी स्वतंत्र वर्गवारीच नाही.

कायद्यातील दोन तारखा इथे नोंदवाव्याशा वाटतात. अमेरिकी कायद्यात १९२९ पासून ‘रजिस्ट्री’ नावाची तरतूद आहे. एका ठरावीक तारखेपूर्वीपासून सलग राहणाऱ्या, चांगल्या वर्तनाच्या व्यक्तीला तिच्यामुळे ग्रीन कार्ड मिळू शकते. दीर्घ वास्तव्याने मूळ दोष धुऊन निघतो, हे तत्त्व अशा रीतीने त्या देशाने सुमारे शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले होते आणि संसद वेळोवेळी ती तारीख पुढे सरकवत असे. १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ अशी ठरली आणि त्यानंतर कधीच हलली नाही. नवा कायदाही करायचा नव्हता, फक्त एक तारीख बदलायची होती.

दुसरी गोष्ट १९९६ च्या कायद्याची. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडला, तर तीन वर्षे आणि एक वर्षाहून अधिक काळ राहून सोडला, तर दहा वर्षे परत येण्यास बंदी. १८ वर्षांखालील काळ यात धरला जात नाही, हे योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा, की घड्याळ नेमके अठराव्या वाढदिवशी सुरू होते. धागाकर्त्याने म्हटलेले शाळेचे दार ज्या सुमारास बंद होते, त्याच सुमारास परतीचेही बंद होऊ लागते. मायदेशी जाऊन रीतसर व्हिसा घेऊन या, असा सल्ला देणाऱ्यांना ही तरतूद सहसा ठाऊक नसते. बंदी बाहेर पडल्यावर लागू होते, म्हणून माणसे बाहेर पडत नाहीत. हाकलण्यासाठी केलेल्या कायद्याने त्यांना आतच कोंडून ठेवले.

प्रतिसाद ३

मी अमेरिकेतच एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेली अनेक वर्षे आहे आणि माझी मुलगी माझ्या आश्रित म्हणून एच-फोर व्हिसावर आहे. त्यामुळे ‘रांगेत उभे असलेले’ म्हणून ज्यांचा उल्लेख वर झाला, त्यांच्यापैकी एक या नात्याने लिहीत आहे.

नोकरीच्या आधारे दरवर्षी सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. भारतीय अर्जदारांची संख्या पाहता प्रतीक्षा दशकांमध्ये मोजावी लागते. एकविसाव्या वर्षी मूल आश्रित राहत नाही. मग त्याने विद्यार्थी व्हिसा मिळवायचा, म्हणजे ज्या गावात ते पहिलीपासून शिकले तिथेच परदेशी विद्यार्थी म्हणून राहायचे, किंवा देश सोडायचा. यांना इकडे ‘डॉक्युमेंटेड ड्रीमर्स’ म्हणतात.

यात एक बोचरा भाग आहे. १५ जून २०१२ रोजी वैध दर्जा नसणे ही डाकासाठी आवश्यक अट होती. म्हणजे ज्यांच्या आईवडिलांनी प्रत्येक नियम पाळला, ती मुले त्या तोकड्या दिलाशालाही अपात्र ठरली. आमच्या ओळखीच्या मंडळींत यावरून ड्रीमर्सविषयी बराच कडवटपणा आहे आणि काही काळ तो माझ्याही मनात होता. आता मला ते चुकीचे वाटते. माझ्या मुलीच्या वाटेत तिच्या वर्गातील कागदपत्रे नसलेला मुलगा कुठेही उभा नाही. त्याला उद्या दर्जा मिळाला तरी देशनिहाय मर्यादा तशीच राहील, आणि त्याला उद्या हाकलले तरी आमचा क्रमांक एका दिवसानेही पुढे सरकणार नाही. दोघांनाही अडवणारी संसद एकच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटमध्ये आलेल्या सीमाविषयक उभयपक्षी विधेयकात आमच्या मुलांसाठी तरतूद होती. ते ४९ विरुद्ध ५० मतांनी अडले, आणि अडण्याच्या कारणांचा आमच्या मुलांशी काडीचाही संबंध नव्हता. तारण या उपमेत आता आमचीही भर घाला.

प्रतिसाद ४

लेखात ‘कागदपत्रे नसलेली’ हा शब्दप्रयोग जाणीवपूर्वक दिसतो. मराठी वृत्तपत्रे सरसकट ‘घुसखोर’ किंवा ‘बेकायदा स्थलांतरित’ लिहितात. कृत्य बेकायदा असू शकते, माणूस कसा असेल? पण दुसऱ्या बाजूने पाहता, कागद जणू घरी विसरला असावा असे सुचवणारा हा शब्दही फारसा प्रामाणिक नाही.

धागाकर्ता

प्रतिसाद ४ मधील दोन्ही आक्षेप मान्य. मुलांच्या बाबतीत मला ‘बेकायदा’ हा शब्द अधिक खटकतो, म्हणून ‘कागदपत्रे नसलेली’ हा निवडला.

प्रतिसाद १ ला थोडे सविस्तर उत्तर देतो. १९८६ ची फसवणूक खरी आहे. पण ती कोणी केली? मालकांवर कारवाई न करण्यात शेती, बांधकाम आणि उपाहारगृहे या उद्योगांचा स्वार्थ होता, आणि त्यांचे हितसंबंध जपणारे प्रतिनिधी दोन्ही पक्षांत होते. त्या कराराचा भंग केला मालकांनी आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्या सरकारांनी, तर त्याची वसुली १९८६ नंतर जन्मलेल्या मुलांकडून का व्हावी? ब्रेनन यांचा प्रश्न हाच होता. गंमत म्हणजे त्या प्रकरणात विरोधी मत देणाऱ्या सरन्यायाधीश बर्गर यांनीही मुलांना शिक्षणापासून वंचित ठेवणे शहाणपणाचे नाही असेच म्हटले होते. त्यांचा आक्षेप इतकाच होता की हे संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नाही. संसदेने ते काम आजवर केले नाही, एवढेच त्यावर म्हणता येते.

लेखात टेक्सासची पुढची हकीकत राहून गेली. याच राज्याने २००१ मध्ये, देशात सर्वांत आधी, कागदपत्रे नसलेल्या पण तिथेच शाळा पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना सरकारी महाविद्यालयांत राज्यातील रहिवाशांचे सवलतीचे शुल्क लागू केले. गव्हर्नर रिक पेरी यांनी त्या कायद्यावर सही केली. पुढे २०११ मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी मागताना एका वादसभेत त्यांनी या कायद्याचे समर्थन केले आणि विरोधकांना हृदय नाही असे सुचवले. ते विधान त्यांना स्वतःच्या पक्षात इतके महागात पडले की त्यांना ते मागे घ्यावे लागले. जून २०२५ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने या कायद्याविरुद्ध दावा दाखल केला, राज्य सरकारने तो लढवला नाही आणि त्याच दिवशी न्यायालयाच्या आदेशाने तो कायदा बंद झाला. डाकाविरुद्धच्या प्रमुख खटल्यातही टेक्सासच अग्रभागी आहे. पन्नास वर्षांत दार बंद करणारे, उघडणारे आणि पुन्हा बंद करणारे राज्य एकच, आणि या सगळ्या काळात त्याच्या शेतात आणि बांधकामांवर तेच हात राबत होते.

प्रतिसाद ५

एक शंका विचारतो. सवलतीचे शुल्क हा करदात्यांचा पैसा आहे. शेजारच्या राज्यातून आलेल्या गरीब अमेरिकी नागरिकाला दुप्पट-तिप्पट शुल्क भरावे लागते आणि कागदपत्रे नसलेल्याला सवलत मिळते, ही संधीची विषमता नाही का?

प्रतिसाद २

विषमता आहे, पण ती निवासाच्या निकषाची आहे. शेजारच्या राज्यातील त्या नागरिकाला त्याच्या स्वतःच्या राज्यात सवलत मिळते. ज्या मुलाबद्दल आपण बोलत आहोत त्याला दुसरे राज्य नाही. त्याचे पालक विक्रीकर आणि घरभाड्यातून मालमत्ता करही भरत असतात, त्यामुळे करदाता हा शब्द फक्त एका बाजूला लावता येणार नाही. आणि सवलत मिळूनही केंद्रीय अनुदान वा कर्ज मिळत नसल्याने बरीचशी रक्कम खिशातूनच द्यावी लागते, हेही ध्यानात घ्यावे.

तरीही आपला आक्षेप मी धुडकावत नाही. गरीब नागरिकाला उच्च शिक्षण परवडेनासे झाले की त्याला समोरचा स्थलांतरित दिसतो, शुल्क वाढवणारे विधिमंडळ दिसत नाही. या नाट्यातील बराचसा राग तिथून येतो.

प्रतिसाद ६

मी अमेरिकेतील एका माध्यमिक शाळेत शिकवते. अनेकांच्या मनात अजून ‘डाका आहे ना’ असा समज असतो, म्हणून हे लिहीत आहे. त्या योजनेची अट १५ जून २००७ पासूनच्या वास्तव्याची आहे. २०२५ मध्ये अठरा वर्षांची झालेली बहुतेक मुले त्या तारखेच्या आसपास किंवा नंतर जन्मली. माझ्या वर्गातील एखादा विद्यार्थी सहा महिन्यांचा असताना इथे आणला गेला असला तरी तो अपात्रच, आणि जे थोडे पात्र ठरले असते त्यांच्याही नव्या अर्जांना २०२१ पासून न्यायालयीन आदेशामुळे मंजुरी मिळत नाही. दर हिवाळ्यात अर्थसाहाय्याचे अर्ज भरायचे दिवस आले की दोन-तीन मुले ‘मला महाविद्यालयात जायचेच नाही’ असे अचानक सांगू लागतात. आम्ही शिक्षक कारण विचारत नाही. विचारायचे नसते, हे आम्हाला आता कळते.

दुसऱ्या टोकाला, २०१२ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर असताना डाका मिळालेले लोक आता चाळिशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यापैकी एक गृहस्थ मागच्या पालकसभेला आले होते. मुलगा जन्माने अमेरिकी नागरिक, नववीत. सभा संपल्यावर त्यांनी महाविद्यालयाच्या अर्थसाहाय्याची माहितीपत्रके मागून घेतली आणि अर्जात पालकाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकासमोर लिहायचा, डाकामुळे मिळालेला क्रमांक नूतनीकरण थांबले तरी तोच राहतो का, एवढे विचारले.